तुम्ही कोणाकडून आलात?

(उपनगरांतल्या महिला मंडळांच्या आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांपुढे घाटकोपरला केलेलं हे भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे. ज्यांच्याविषयी यात सांगितलं आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मैत्रिणींनो,

मला दिलेला विषय पत्रिकेवर असा छापला आहे: 'प्रौढांसाठीचं समाजकार्य: व्यावसायिक विकास आणि स्वतंत्र व्यवसाय'. वाचून माझी मलाच भीती वाटली. एवढ्या मोठ्या शब्दांखाली मी जे करते ते म्हणजे लोकलनं जाणं, जिने चढणं, बेल वाजवणं आणि आतल्या माणसाचं ऐकणं. तेव्हा मी तिथूनच सुरुवात करते.

बोरिवलीची सोसायटी असो नाहीतर अंधेरीची चाळ, दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही कोणाकडून आलात?" बँकेकडून? महापालिकेकडून? पार्टीकडून? बावीस वर्षं माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर होतं. मी संस्थेचं नाव सांगायची, गळ्यातलं ओळखपत्र दाखवायची, आणि दार आणखी थोडं उघडायचं. २०१६ साली संस्था सुटली. तेव्हापासून मी माझी मीच जाते. उत्तर काय द्यायचं हे कळायला मला बराच काळ लागला, आणि मधल्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. आज मुख्यतः ती सांगायला आले आहे.

आधी 'प्रौढ' या शब्दाविषयी. मुलांसाठी वेगळे कायदे आहेत, बालकल्याण समिती आहे, मुलाच्या वतीनं मोठी माणसं निर्णय घेतात. पण नवऱ्याचा मार खाणारी तिशीतली बाई, एकटी राहणारी म्हातारी, मानसिक आजारातून उठलेला तरुण, व्हीलचेअरवरची मुलगी, ही सगळी सज्ञान माणसं. यांच्यासाठी काम करायचं तर एक गोष्ट पहिल्यांदा गिळावी लागते. तिच्या भल्याचं काय हे आपल्याला कळत असलं तरी ठरवणार ती. आपण पर्याय मांडायचे, कागद जमवायचे, सोबत जायचं. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या अनुभवात याच्याइतकं अवघड काही नाही, कारण आपण बायकांनी जन्मभर दुसऱ्याच्या भल्याचं ठरवण्याचंच शिक्षण घेतलेलं असतं.

आता हा व्यवसाय आपल्याकडे आला कसा ते थोडक्यात. १९३६ साली नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी तिथल्या वस्तीत आधी दहा वर्षं काम करत होते, त्यातून ते उभं राहिलं. पुढे १९४४ साली त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ साली ते देवनारला आलं. १९५५ साली निर्मला निकेतन सुरू झालं. जे. जे. रुग्णालयात १९४६ सालीच पहिली वैद्यकीय समाजसेवक नेमणूक झाली होती. म्हणजे मुंबईत हे काम पगारी आणि शिकून करायचं काम म्हणून ऐंशी-नव्वद वर्षं चालू आहे. तरीही माझ्या सोसायटीतल्या बाई परवा मला म्हणाल्या, "समाजसेवा करता आणि पैसे घेता?" त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं.

माझ्या पिढीच्या कार्यकर्त्यांना सगळ्यात जास्त शिकवलं ते स्पेशल सेलनं. तरुण मैत्रिणींसाठी सांगते. १९८० नंतर मथुरा प्रकरणातून चळवळ उभी राहिली. हुंड्यासाठी जाळलेल्या बायकांचे मोर्चे निघत होते, आणि पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईला 'घरगुती भांडण आहे, घरी जा' असं सांगून परत पाठवत होते. १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूटनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी एक खोली मागून घेतली आणि तिथे शिकलेल्या समाजकार्यकर्त्या बसवल्या. १९८८ साली दादरला दुसरा सेल झाला आणि १९९४ साली कांदिवलीला तिसरा. बोरिवली-मालाडच्या बायकांना आता क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जावं लागत नव्हतं. पुढे राज्य सरकारनं हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेलं.

या रचनेत शहाणपण कुठे होतं? खुर्ची पोलिसांच्या इमारतीत, पण कार्यकर्ती पोलिसांची नोकर नाही. इन्स्पेक्टरनं 'समजूत काढा आणि मिटवा' म्हटलं तर ती नाही म्हणू शकत होती, कारण तिचा जाब विचारणारे वेगळे होते. प्रत्येक केसचा कागद होता आणि तो वाचणारी वरिष्ठ होती. बाईला काय हवं ते आधी विचारायचं, ही पद्धत होती. म्हणजे तिचं स्वातंत्र्य दोन गोष्टींवर उभं होतं: पगार कुठून येतो आणि जाब कोणाला द्यायचा. हे मला तेव्हा कळलं नाही. दोन्ही गोष्टी हातातून गेल्यावर कळलं.

संस्था का सुटली त्यात फार शिरत नाही. आपल्यातल्या निम्म्याजणींची तीच गोष्ट असेल. अकरा महिन्यांचे करार, तीन वर्षांचा प्रकल्प, पैसे देणाऱ्यांनी विषय बदलला की आपणही बदलायचं. बाईच्या खटल्याची तारीख पडलेली असते आणि प्रकल्पाची मार्चमध्ये संपलेली असते. शेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसले तेव्हा माझ्याकडे ना फंड, ना ग्रॅच्युइटी. दुसऱ्यांच्या हक्कांवर बावीस वर्षं भाषणं केली आणि स्वतःचं नेमणूकपत्र कधी धड वाचलं नाही, हे सांगायला लाज वाटते पण सांगते.

मग एका ओळखीच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या जोडप्याकडे पाठवलं. त्यांना पेन्शनचे, बँकेचे, दवाखान्याचे कागद आणि आपसांतली भांडणं, सगळ्यालाच कोणीतरी हवं होतं. निघताना आजोबांनी पाकीट पुढे केलं. मी नको नको म्हणत जिना उतरले आणि खाली येऊन स्टेशनपर्यंत चालत गेले, कारण रिक्षाला पैसे नव्हते. त्या दिवशी ठरवलं, फी घ्यायची.

फी सांगायला शिकणं हाच माझा पहिला 'व्यावसायिक विकास'. हसू नका. सुरुवातीला मी आकडा सांगून लगेच 'पण जमेल तसं द्या' म्हणायची. वकील म्हणतो का असं? आता मी पहिल्या फोनवरच भेटीची फी सांगते आणि गप्प बसते. चारांतली एक केस बिनफीची घेते आणि ती कोणती ते कोणालाही सांगत नाही. वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसायकर भरते. गंमत म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यात 'व्यवसाय' म्हणून ज्यांची नावं लिहिली गेली त्यांत वकिली, वैद्यकी, इंजिनिअरिंग, वास्तुरचना, हिशेबतपासणी आली, घरसजावटसुद्धा आली. समाजकार्य आलं नाही. भिंतीला रंग कोणता द्यायचा हे सांगणं हा व्यवसाय, आणि त्या भिंतींच्या आत मार खाणाऱ्या बाईला बाहेर काढणं ही सेवा.

पैशांचा प्रश्न असा सुटला, पण पैशांबरोबर जे येतं त्याची मला कल्पना नव्हती.

मुलुंड पूर्वेची गोष्ट. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक मावशी, विधवा, एकट्या राहणाऱ्या. मुलगा अमेरिकेत. त्याचा मला फोन आला. बोलायला अतिशय सभ्य, आईच्या काळजीनं व्याकूळ. आई एकदा न्हाणीघरात पडली, गॅस चालू ठेवते, फोनवर भलतंच उत्तर देते. 'तुम्ही जाऊन बघा आणि ती एकटी राहू शकते का याचा रिपोर्ट द्या.' तीन महिन्यांची फी त्यानं त्याच दिवशी पाठवली. एवढे पैसे एकरकमी मला त्याआधी कधी मिळाले नव्हते. हे मुद्दाम सांगते.

मी दोनदा गेले. दार ब्यूरोच्या बाईनं उघडलं. मावशी खुर्चीत बसलेल्या. मी विचारत होते एक, त्या सांगत होत्या दुसरंच. मध्येच चहा ठेवायला उठल्या आणि गॅस चालू राहिला, तो ब्यूरोच्या बाईनं बंद केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की बघा, तुम्हीच बघा. दुसऱ्या भेटीत मावशी मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही कोणाकडून आलात?" मी म्हटलं, "तुमच्या मुलानं पाठवलंय, तुमच्या मदतीला." त्यांनी मान हलवली आणि पुढे फारशा बोलल्याच नाहीत. मी वहीत लिहिलं, 'संवाद कमी, गोंधळलेल्या'.

रिपोर्ट लिहिला. विसरभोळेपणा, पडण्याचा धोका, गॅसचा धोका, एकटं ठेवणं सुरक्षित नाही. कर्जतच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमाचं नावही मीच सुचवलं. पंधरा दिवसांत मावशी तिकडे गेल्या. मुलाचा आभाराचा लांबलचक संदेश आला.

पाच आठवड्यांनी घाटकोपरहून एका बाईंचा फोन आला. मावशींची भाची. ती दर गुरुवारी मुलुंडला जायची, भाजी निवडून द्यायची, रात्री राहायची. या गुरुवारी गेली तर दाराला कुलूप. तिनं मला एकच विचारलं: "तुम्ही माझ्याशी का नाही बोललात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाची आहे हेच मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मग मी वही काढून हिशोब केला. मुलाशी फोनवर सहा वेळा बोलले होते, एकेक वेळ अर्धा-पाऊण तास. मावशींशी दोन्ही भेटी मिळून चाळीस मिनिटं, तीही ब्यूरोच्या बाईसमोर, आणि त्या बाईचा पगार कोण देत होतं? भाचीनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मावशींना कानानं कमी ऐकू येतं, वर्षभरात फार वाढलंय, पण त्या कबूल करत नाहीत. आणि त्यांची इमारत पुनर्विकासाला जायची होती, संमतीच्या सह्या चालू होत्या. मावशी 'मला समजावून सांगा मग सही करते' म्हणत होत्या. वृद्धाश्रमात जाण्याच्या आठवड्यात मुलानं कुरिअरनं कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला आणि त्यावर त्यांनी सही केली.

मुलगा वाईट होता असं मी म्हणत नाही. आजही म्हणत नाही. सातासमुद्रापलीकडे रात्री दोनला फोन वाजला की काळजाचं पाणी होतं, तेही मी पाहिलंय. त्याला खरंच भीती वाटत होती आणि त्याला सहीही हवी होती. माणसाला एकाच वेळी दोन्ही वाटू शकतं. चूक त्याची काय ते त्याच्यापाशी. माझी चूक अशी की ज्या घरात जागेचा व्यवहार चालला आहे तिथे एका सज्ञान बाईला तिच्या घरातून हलवण्याचा कागद मी लिहिला, आणि तिला काय हवंय हे तिला एकटीला बसवून विचारलं नाही. अशी केस कोणी दुसरीनं आणली असती तर मी तिला धारेवर धरलं असतं. संस्थेत असते तर रिपोर्ट जाण्याआधी वरिष्ठ बाईंनी समासात तांबड्या शाईनं लिहिलं असतं: 'एकटीला भेटलात का? कान तपासले का? घर कोणाच्या नावावर?' त्या तांबड्या शाईचा मला तेव्हा किती वैताग यायचा!

मी वृद्धाश्रमात गेले. मावशींनी ओळखलं. म्हणाल्या, "तुम्ही त्याच्याकडून आला होतात." बस. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मुलाला लेखी कळवलं की माझा रिपोर्ट अपुरा आहे, तो आधार धरू नये, आणि उरलेल्या महिन्यांची फी परत केली. त्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं. भाचीनं कानाची तपासणी करून घेतली. मशीन बसल्यावर मावशींचं 'भलतंच उत्तर देणं' बरंचसं थांबलं. सगळंच नाही, विसरणं थोडं होतंच, वयाचं. कुलमुखत्यारपत्र रद्द करता येतं हे मी त्यांना समजावून सांगितलं, वकिलाची गाठ घालून दिली. आई-वडिलांसाठीचा २००७ चा कायदा आहे, प्रांत अधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण चालतं, जागा देऊन टाकली आणि मग मुलानं सांभाळलं नाही तर ते देणं रद्दही होऊ शकतं, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोराविरुद्ध मी कुठे जाणार नाही." मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पुढे त्या कागदाचं काय केलं ते त्यांच्यापाशी. आता त्या भाचीकडे राहतात. त्यांच्या मुलुंडच्या इमारतीच्या जागी खड्डा आहे आणि भोवती पत्रे.

आता मैत्रिणींनो, या चुकीत मला अडवणारं कोण होतं? कोणीच नाही. आपल्या देशात समाजकार्याची डिग्री घेतलेल्यांसाठी डॉक्टर-वकिलांसारखी सरसकट परिषद नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं 'सायकिअॅट्रिक सोशल वर्कर' कोण ते ठरवलं आहे, त्याला एमएसडब्ल्यूवर दोन वर्षांचं एम.फिल. लागतं. २०२१ चा आरोग्य क्षेत्रातल्या पूरक व्यावसायिकांचा कायदा वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांची दखल घेतो. पण माझ्यासारखी साधी एमएसडब्ल्यू, घरोघर जाणारी, तिला ना कोणी नोंदवत, ना कोणी रोखत. स्टेशनबाहेर आठवडाभराचा कोर्स केलेले 'फॅमिली कौन्सेलर' पाटी लावून बसतात. एका इमारतीत तर अशी पाटी ज्योतिषाच्या पाटीखाली पाहिली. वर ग्रहदशा, खाली गृहदशा.

घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यात 'सेवा पुरवणारे' म्हणून नोंदणी आहे ती संस्थांची, कंपन्यांची. एकट्या व्यक्तीची नाही. मला आधी याचा राग यायचा. आता वाटतं, त्यात थोडं शहाणपण आहे.

इंग्लंडमध्ये 'सोशल वर्कर' हे नाव २००५ पासून कायद्यानं राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. तिथे संस्थेबाहेर स्वतंत्र काम करणाऱ्याही पुष्कळजणी आहेत. नोंदणी टिकवायला दरवर्षी आपण काय शिकलो याच्या निदान दोन नोंदी द्याव्या लागतात, आणि त्यांतली एक तरी सहकाऱ्याशी चर्चा करून लिहायची असते. सर्टिफिकिटांच्या ढिगापेक्षा मला ही अट आवडली. एकटीनं केलेला विचार पुरत नाही, हे त्यात धरलेलं आहे.

पण नोंदणीची मागणी आपण डोळे मिटून करू नये. इथे समोर बसलेल्या कितीजणींकडे डिग्री आहे? भांडुपच्या, असल्फाच्या डोंगरावर ज्या बाया पंचवीस वर्षं रात्री-अपरात्री दुसरीच्या दाराशी उभ्या राहिल्या, रेशनकार्डापासून एफआयआरपर्यंत सगळं ज्यांनी करून दाखवलं, त्या सातवी-दहावी शिकलेल्या. उद्या कायदा आला आणि 'एमएसडब्ल्यू नसेल तर हात लावू नका' म्हटला तर बाहेर कोण जाणार? ज्योतिषाखालचा पाटीवाला एखादी डिग्री पैदा करेल. तो जाणार नाही. नोंदणी हवी, पण अनुभवाचं दार उघडं ठेवून हवी, आणि ते दार कसं असावं हे वस्तीतल्या कार्यकर्त्यांना विचारून ठरवावं. या मुद्द्यावर माझ्या काही डिग्रीवाल्या मैत्रिणी माझ्याशी भांडतात. भांडोत.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर काय? मुलुंडच्या प्रकरणानंतर मी चौघींना फोन केले. एक बोरिवलीची, मानसिक आजाराच्या रुग्णांच्या घरच्यांबरोबर काम करणारी. एक अंधेरीची, कौटुंबिक हिंसेचं काम करणारी. एक महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली. एक वस्तीतली, डिग्री नसलेली, आमच्यात सगळ्यात जास्त अनुभवी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही घाटकोपरला भेटतो, कारण मेट्रो झाल्यापासून अंधेरीकरणीला आणि मुलुंडकरणीला ते मध्ये पडतं. नावं न घेता प्रत्येकीनं एक केस मांडायची. बाकीच्यांनी सल्ला देण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. पहिल्या बैठकीत मी मुलुंडची केस मांडली. निवृत्त मैत्रीण फक्त एवढंच म्हणाली, "पुढची फी कुठून येते ते आधी सांगत जा." तेव्हापासून प्रत्येक केस मांडताना पहिलं वाक्य तेच असतं.

त्याचा उपयोग लगेच दिसला. अंधेरीच्या मैत्रिणीकडे एक नवरा आला. बायको माहेरी गेली होती, दोनदा मारलं होतं. तो म्हणाला, 'फी मी देतो, तुम्ही तिला समजवा.' वाक्य ऐकूनच आम्ही पाचीजणी एकदम बोलायला लागलो. २००६ च्या नियमांत न्यायालयानं सांगितलेल्या समुपदेशनाविषयी स्पष्ट लिहिलं आहे की केलेल्या हिंसेचं समर्थन नवऱ्याला तिथे मांडता येणार नाही. हा नियम न्यायालयाच्या आदेशानं चालणाऱ्या समुपदेशनाचा असला तरी खासगीत आपण त्याच्या खाली का उतरावं? मैत्रिणीनं त्याची फी नाकारली. बायको स्वतःहून आली तर तिला भेटेन, म्हणाली. ती आली नाही. त्या महिन्यात मैत्रिणीच्या घरी ओढ होती हे आम्हाला ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी डबे आम्ही आणले, याहून जास्त काही करता आलं नाही.

शिकणंही तिथेच चालतं. मी डिग्री घेतली तेव्हाचं कायद्याचं ज्ञान आज रद्दीत गेलंय. अपंगत्वाचे प्रकार कायद्यात सात होते, २०१६ च्या कायद्यानं एकवीस झाले. शिवाय त्या कायद्यात मर्यादित पालकत्व आलं, म्हणजे पालकानं त्या व्यक्तीच्या सोबतीनं निर्णय घ्यायचा, तिच्या ऐवजी नाही. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ जाऊन भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ कलमं आली, पोटगीचं १२५ जाऊन नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ आलं. अजून किती अर्जांवर मी जुने आकडे पाहते. संस्थेत असताना प्रशिक्षणाला पगारी सुट्टी मिळायची, येण्याजाण्याचं भाडं मिळायचं. आता प्रशिक्षणाचा दिवस म्हणजे दोन भेटींची फी बुडाली. म्हणून आम्ही वाटून घेतलं आहे. एकीनं कायदे वाचायचे, एकीनं औषधं आणि आजार, एकीनं सरकारी योजना, आणि शनिवारी बाकीच्यांना सांगायचं. परिपूर्ण नाही. पण चालतं.

एक प्रश्न तुमच्या मनात आहे, मघापासून चेहऱ्यांवर दिसतोय. हे स्वतंत्र काम म्हणजे पैसेवाल्यांचंच ना? हो. बऱ्याच अंशी हो. असल्फाच्या डोंगरावरून मला फी देऊन कोणी बोलावत नाही. तिथल्या बाईला लागते ती संघटना, आणि सरकारी रुग्णालयातली मोफत खिडकी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'सेहत' आणि महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र काढलं. पडले, भाजले म्हणून आलेल्या बाईला तिथेच कोणीतरी विचारू लागलं की नेमकं काय झालं. पुढे कुर्ल्याच्या भाभामध्येही ते आलं. असं काम माझ्यासारख्या एकट्या बाया कधीच करू शकणार नाहीत. म्हणून नुकत्याच पास झालेल्या मुली विचारतात, 'ताई, सरळ स्वतःचं सुरू करू का?' तेव्हा मी नको म्हणते. आधी दहा वर्षं कोणाच्या तरी तांबड्या शाईखाली काढा. आणि संस्था चालवणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे, त्या मुलींना फंड द्या, नेमणूकपत्र द्या, नाहीतर त्या दहा वर्षं टिकणार कशा?

शेवटी माझ्या कागदाविषयी. मुलुंडनंतर मी एक पानाचा कागद मराठीत केला. फी कोण देतं त्याचं नाव. मी कोणासाठी काम करते त्या व्यक्तीचं नाव, वेगळ्या ओळीवर. मी तिला एकटीला भेटणार. तिला विचारल्याशिवाय तिच्याविषयीचं कोणाला देणार नाही, जिवाला धोका असेल तेवढं सोडून. रिपोर्ट लिहिला तर आधी तिला वाचून दाखवणार. तिनं 'येऊ नका' म्हटलं की माझं काम थांबलं, फी कोणीही देत असो. पहिल्या भेटीत मी तो मोठ्यानं वाचते. फी देणारे त्यावर सही करतात, ती व्यक्तीही करते. तीनजणांनी कागद पाहून फोनच बंद केला. म्हणजे तीन मुलुंड टळली असं मी धरते.

मागच्या महिन्यात मावशींना भेटायला भाचीकडे गेले होते. दार मावशींनीच उघडलं, कानात मशीन. म्हणाल्या, "आज कोणाकडून?" भाची आतून हसली. मी पर्समधून तो कागद काढून दिला, म्हटलं, तुमच्यामुळे झाला, वाचून बघा. त्यांनी चष्मा मागवला, सावकाश सगळा वाचला आणि बोट ठेवून म्हणाल्या, "अक्षर बारीक आहे. म्हाताऱ्यांसाठी आहे ना हा?"

आता अक्षर मोठं केलं आहे, त्यामुळे तो दीड पानाचा झाला. प्रती बाहेर चपलांजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. घेऊन जा, तुमच्या कामाप्रमाणे बदला, आणि बदललात तर काय बदललंत ते मला कळवा. आता प्रश्न घेऊया.